मॅच लागलीय, पण कुठं?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की टीव्हीवर मॅच लावताना काही अडत असेल तर कळवा. वाटलं चार-पाच पत्रं येतील. आली ती एवढी की माकडं आणि शेकरूंनी नारळ खाल्ल्याबद्दलची पत्रं ह्या वेळी बाजूला ठेवावी लागली, माफ करा, ती पुढच्या अंकात नक्की घेतो. सगळ्या पत्रांचा सूर मात्र एकच आहे, पूर्वी टीव्ही लावला की मॅच दिसायची, आता मॅच बघायची तर आधी कंपनी शोधा, मग अ‍ॅप, मग पासवर्ड, आणि तोवर पहिली विकेट गेलेली असते.

दादा, आमच्या घरी केबल आहे, वडील ७८ वर्षांचे. भारताची वनडे होती तेव्हा सत्तरी तालुक्यात माझ्या काकांकडे डीडी स्पोर्ट्सवर लाईव्ह चालू होती आणि आमच्याकडे त्याच डीडी स्पोर्ट्सवर कुठलीतरी जुनी कुस्ती. वडील म्हणतात केबलवाल्याने मुद्दाम केलं, त्याला फोन करून भांडले पण. खरं काय?
— साखळीहून एक वाचक

केबलवाल्याची माफी मागा, म्हणजे ह्या एका बाबतीत तरी. त्याचा दोष नाही.

भानगड अशी आहे. २००७ साली एक कायदा झाला, त्यात असं ठरलं की राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून सरकारने जाहीर केलेली जी स्पर्धा असेल, तिचे हक्क कुणीही कोटी मोजून घेतलेले असोत, त्याने लाईव्ह सिग्नल प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला द्यायचा, स्वतःच्या जाहिराती काढून द्यायचा, आणि दूरदर्शनने त्यावर जाहिराती घेऊन जे पैसे मिळतील त्यातले कमीत कमी ७५ टक्के त्या हक्कवाल्याला द्यायचे. हा कायदा काय कुणी बसल्या बसल्या सुचला म्हणून केलेला नाही. २००४ ला भारताची टीम पाकिस्तानात गेली होती, आठवत असेल, तेव्हा मॅचेस टेन स्पोर्ट्सकडे होत्या आणि देशातल्या अर्ध्याअधिक घरांत ते चॅनल दिसतच नव्हतं, शेवटी सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून दूरदर्शनवर दिसल्या. मग जानेवारी २००७ ला वेस्ट इंडीजची टीम इकडे आली, हक्क निओ स्पोर्ट्सवाल्यांकडे, परत तोच तमाशा, परत कोर्ट, आणि कोर्टाने तोडगा काय काढला तर दूरदर्शनने मॅच सात मिनिटं उशिरा दाखवायची! म्हणजे शेजाऱ्याकडे केबल असेल तर तुम्हाला सिक्स आधी ऐकू येणार, मग सात मिनिटांनी दिसणार. त्यानंतर सरकारने फेब्रुवारीत वटहुकूम काढला आणि मग कायदा.

आता कुस्तीचं. कायद्यात लिहिलंय की दूरदर्शनने हा सिग्नल दाखवायचा तो आपल्या जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून आणि आपल्या डीटीएचवरून, म्हणजे आज आपण ज्याला डीडी फ्री डिश म्हणतो त्यावरून. पण दुसऱ्या एका कायद्याने केबलवाल्यांना दूरदर्शनची चॅनलं दाखवणं सक्तीचं आहे. झालं, दूरदर्शनवर मॅच आली की ती आपोआप केबलवर पण आली, मग ज्या कंपनीने हजारो कोटी ओतले तिचं चॅनल विकत कोण घेणार? ते गेले कोर्टात. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कायद्याने वाटून घेतलेला हा सिग्नल फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या ट्रान्समीटरवर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. काकांकडे फ्री डिश असणार, म्हणून त्यांच्याकडे मॅच आणि तुमच्याकडे त्याच नावाच्या चॅनलवर कुस्ती, नाहीतर मॅच इथे दिसणार नाही अशी पाटी.

मला स्वतःला हा निकाल कायद्याच्या अक्षराप्रमाणे बरोबर वाटतो आणि तरी डोक्यात जातो. कारण महिन्याला पैसे भरणाऱ्या तुमच्या वडिलांना मॅच नाही आणि एक पैसा न भरणाऱ्या काकांना आहे, हे ७८ वर्षांच्या माणसाला कसं समजवायचं ते मला पण माहीत नाही. उपाय सोपा आहे, फ्री डिश बसवा, एकदाच दोनेक हजाराचा खर्च, मग महिन्याचं काही नाही. आपल्याकडे डिशचं तोंड आग्नेयेला ठेवावं लागतं, त्या दिशेला फणस किंवा माड असला तर फांदी उतरवल्याशिवाय सिग्नल येणार नाही, आणि मृगाचा पाऊस धो धो लागला की चित्र जाणार, हे आधीच वडिलांना सांगून ठेवा नाहीतर ते डिशवाल्याला पण फोन करतील.

मी एफसी गोवा ह्या फुटबॉल क्लबची फॅन, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जमेल तेव्हा जाते, पण बाहेरगावच्या मॅचेस बघायला दर सीझनला नवीन अ‍ॅप. तुम्ही म्हणता राष्ट्रीय महत्त्वाची मॅच दूरदर्शनला द्यावी लागते, मग आमची मॅच का नाही?
— मडगावहून

कारण सरकारच्या यादीत तुमची मॅच राष्ट्रीय महत्त्वाची नाही, एवढं साधं आहे. यादीत ऑलिंपिक, एशियन गेम्स, कॉमनवेल्थ आहे, भारताच्या पुरुष संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटी आहेत, हॉकी आहे, टेनिस आहे, फुटबॉलमध्ये वर्ल्ड कपच्या शेवटच्या टप्प्यातल्या मॅचेस आहेत आणि, हे वाचून तुम्हाला गंमत वाटेल, संतोष ट्रॉफीची सेमीफायनल आणि फायनल आहे. म्हणजे गोव्याची टीम संतोष ट्रॉफीच्या फायनलला गेली (पाच वेळा जिंकलोय आपण, शेवटची २००८-०९ ला) तर ती राष्ट्रीय महत्त्वाची. पण एफसी गोवा आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये खेळते, ती खासगी लीग. आयपीएल पण यादीत नाही, तेव्हा एकट्या तुमच्यावर अन्याय झालाय असं नाही.

पण तुमचं दुखणं मला कळतं, आणि ते माझंही आहे, २२ ऑक्टोबर २०२५ च्या रात्रीपासून जास्तच. एएफसी चॅम्पियन्स लीग टू, म्हणजे आशियातल्या क्लबांची स्पर्धा, फातोर्ड्याला सौदीचा अल नासर, म्हणजे रोनाल्डोचा क्लब. रोनाल्डो आला नाही, त्यावर आधी आठ दिवस सगळ्या गोव्यात येतो-नाही येतो चाललं होतं, ते सोडा. ०-२ वरून आपल्या ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला, शेवटी १-२ हरलो, पण अल नासरसमोर गोव्याच्या क्लबसाठी गोव्याचा पोरगा गोल मारतो ह्याच्यापेक्षा मोठी रात्र मला आठवत नाही. आणि ती टीव्हीवर कुठं? फॅनकोड नावाच्या अ‍ॅपवर, पैसे भरून. माझ्या शेजारचे म्हातारे पात्राव, साळगावकर आणि धेंपो ह्या जुन्या क्लबांच्या जमान्यातले, धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली ती सगळी त्यांना वर्षासकट पाठ, त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन. त्यांनी मॅच बघितली नाही. सकाळी पेपरात वाचली.

आता ही मॅच अ‍ॅपवर का गेली तर कुणीतरी वाईट आहे म्हणून नव्हे, दुसऱ्या कुठल्या चॅनलला ती नको होती म्हणून. आपल्याकडे दोन टोकं आहेत बघा. क्रिकेट लपवलं जातं कारण ते फार महाग, आणि फुटबॉल लपतं कारण ते घ्यायला कुणी पुढे येत नाही. २०१० ला फुटबॉल फेडरेशनने १५ वर्षांचे सगळे हक्क ७०० कोटींना एका कंपनीला देऊन टाकले, त्यातनं २०१४ ला आयएसएल आली, पहिल्या सीझनला स्टारने गाजावाजा करून दाखवली, एवढ्या चॅनलांवर होती की चुकवायचं म्हटलं तरी चुकत नव्हती. मग स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमा. मग तो १५ वर्षांचा करारच ८ डिसेंबर २०२५ ला संपला, त्याच्या आधीच जुलैत लीग थांबवून ठेवली, क्लबांना सीझन कधी सुरू होणार तेच माहीत नव्हतं. ज्या गोव्यात २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग ह्या राष्ट्रीय लीगमधनं एकदम अंग काढून घेतलं, त्या गोव्यात ह्याचं कुणाला नवल वाटू नये, पण वाटतं.

तेव्हा तुम्हाला सल्ला, पूर्ण वर्षाचं सबस्क्रिप्शन आधी घेऊन ठेवू नका. लीगचं वेळापत्रक आणि चॅनल जाहीर झालं की मगच घ्या, आणि एकाच मॅचचा पास मिळत असेल तर तोच घ्या.

आयपीएल आधी मोबाईलवर फुकट होती, आता पैसे मागतात. सवय लावून फसवलं की नाही?
— फोंड्याहून

हो. सवय लावली हे खरं, फसवलं म्हणाल तर तसं कुणी वचन दिलं नव्हतं. २०२३ ते २०२७ ह्या पाच वर्षांचे आयपीएलचे हक्क एकूण ४८,३९० कोटींना गेले. टीव्हीचे एकाकडे २३,५७५ कोटींना, इंटरनेटचे दुसऱ्याकडे २०,५०० कोटींना आणि वर किरकोळ. टीव्ही आणि मोबाईल असे दोन वेगळे मालक. मोबाईलवाल्याला माणसं ओढायची होती म्हणून त्याने २०२३ ला सगळी आयपीएल फुकट दाखवली, फायनलला एका वेळी तीन कोटींच्या वर लोक बघत होते. टीव्हीवाला चरफडला. मग २०२४ च्या शेवटी दोघांचं लग्न झालं, फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार आलं, आणि स्पर्धा संपली तशी फुकट पण संपली. दोन दुकानं समोरासमोर असतात तोवरच गिऱ्हाइकाला चहा मिळतो.

पैशांचं म्हणाल तर सुरू झालं तेव्हा सगळ्यात स्वस्त प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपये होता, पण तो फक्त मोबाईलवर, टीव्हीला जोडता येत नाही, ह्यावर माझा भाचा फसलाय, तेव्हा घेताना नीट वाचा. घरी केबल असेल आणि तुम्हाला नुसतं क्रिकेट हवं असेल तर केबलवाल्याकडे अख्खं पॅकेज न घेता एकेक चॅनल सुटं मागा, २०१९ पासून ट्राय ह्या सरकारी नियामकाच्या नियमाने तो तुमचा हक्क आहे. तेव्हा स्टार स्पोर्ट्स १ सुटं १९ रुपयांना होतं, कर धरून साडेबावीसच्या आत. केबलवाला म्हणेल सुटं मिळत नाही, बुके घ्यावाच लागेल. मिळतं. मी स्वतः तीन फोन केले आणि चौथ्याला मिळालं, तोवर मालिकेतल्या दोन मॅचेस संपल्या होत्या.

मी शिपवर कामाला, अर्धं वर्ष फ्लोरिडाकडे असतो. तिथले लोक पण हेच रडतात, माझी टीम माझ्याच गावात टीव्हीवर दिसत नाही म्हणून. श्रीमंत देशात पण असं?
— शिपवाला, कुंकळ्ळी

श्रीमंत देशातच आधी. आपण त्यांच्याकडनं शिकलोय.

त्यांचं ते रग्बीसारखं फुटबॉल असतं ना, त्या एनएफएलने स्वतःचंच चॅनल काढलं आणि २००६ पासून गुरुवारच्या आणि शनिवारच्या काही मॅचेस आपल्याच चॅनलवर ठेवल्या. मोठ्या केबल कंपन्या म्हणाल्या एवढे पैसे देऊन हे चॅनल आम्ही सगळ्यांना देणार नाही, कुणी घेतलंच नाही, कुणी घेतलं तर वेगळ्या महाग पॅकेजात टाकलं. पुढच्या वर्षी झालं काय, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने एकामागून एक १५ मॅचेस जिंकल्या, शेवटची सोळावी २९ डिसेंबर २००७ ला, ती जिंकली की इतिहास, आणि ती नेमकी ह्या लपवलेल्या चॅनलवर! तिथले सिनेटर उठले. त्यांच्या हातात खुंटी होती, १९६१ च्या एका कायद्याने लीगला सगळ्या टीमचे हक्क एकत्र विकायची सूट आहे, ती सूट बघून घेऊ म्हणाले. लीग नरमली, मॅच सगळ्यांना दिसणाऱ्या एनबीसी आणि सीबीएस दोन्हीवर पण दाखवली, पेट्रियट्स ३८-३५ जिंकले. पण ती एकच मॅच हं. पुढचं वर्ष परत होतं तसंच.

ह्याहून वाईट लॉस एंजेलिसच्या बेसबॉल टीमचं, डॉजर्सचं. त्यांनी २५ वर्षांचे हक्क ८३५ कोटी डॉलरला एका केबल कंपनीला दिले, २०१४ ला नवीन चॅनल सुरू झालं, बाकीच्या कंपन्यांनी तो भाव द्यायला नकार दिला, आणि त्या शहरातल्या बहुतेक घरांना आपली टीम २०२० पर्यंत घरी बसून दिसली नाही. सहा सीझन! त्यांचा कॉमेंटेटर विन स्कली, ६७ सीझन बोलला तो माणूस, २०१६ ला निवृत्त झाला, आणि त्याची शेवटची वर्षं त्याच्याच शहराने नीट ऐकली नाहीत. आपल्या गल्लीतल्या भजनीबुवाने शेवटचं भजन म्हणावं आणि देवळाचं दार फक्त पावतीवाल्यांना उघडं असावं तसं.

आणि इंग्लंडचं उदाहरण मी ह्या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. २००५ ची अ‍ॅशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची टेस्ट मालिका, फुकट दिसणाऱ्या चॅनल फोरवर, एका वेळी ८४ लाखांपर्यंत लोक बघत होते. इंग्लंडचा फ्लिंटॉफ रस्त्यावरच्या पोरांना पण माहीत झाला. बोर्डाने पुढच्याच वर्षीपासून घरच्या सगळ्या टेस्ट पैसे भरून बघायच्या स्काय चॅनलला दिलेल्या, ते आधीच ठरलं होतं. २००९ ला इंग्लंडने परत अ‍ॅशेस जिंकली तेव्हा बघणारे १९ लाखांच्या आसपास. बोर्डाचं म्हणणं पैसा खेळात आला, मैदानं झाली, बायकांच्या क्रिकेटला मिळाला, आणि ते खोटं नाही. पण ज्या पोराने बाबांना दुसरं काहीतरी बघायचं होतं म्हणून चॅनल बदलताना चुकून क्रिकेट बघितलं असतं, ते पोर कुठल्याच हिशेबाच्या वहीत नसतं. मी स्वतः असाच चुकून लागलोय क्रिकेटला. मावशीकडे डिचोलीला बातम्या लागायच्या होत्या, मॅच लांबली आणि बातम्या उशिरा झाल्या. मावशी चिडली होती. शेवटी २०१९ ला वर्ल्ड कपची फायनल इंग्लंड खेळणार म्हटल्यावर स्कायने ती चॅनल फोरला पण दिली, तेवढ्यापुरती लाज वाटली असेल.

तेव्हा शिपवरच्या दोस्तांना सांगा, गोव्यात पण तसंच आहे, येताना रिमोट घेऊन या.

आमच्या क्लबात पोरं म्हणतात मोठा पडदा लावून फायनल दाखवूया, दहा-वीस रुपये तिकीट ठेवूया, पडद्याचं भाडं सुटेल. चालेल ना?
— पेडण्याहून

तिकीट ठेवलंत तिथेच फसलात. कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमात ब्रॉडकास्ट करणाऱ्याचा वेगळा हक्क आहे, पैसे घेऊन लोकांना त्याचं प्रक्षेपण दाखवणं हा त्याचा भंग. वर्गणी गोळा करून फुकट दाखवलं तर ह्या कलमाचा त्रास कमी, पण घरगुती सबस्क्रिप्शन घेताना आपण ज्या अटींवर न वाचता टिक करतो त्यात बहुधा घरच्या वापरापुरतं असंच लिहिलेलं असतं. बार-हॉटेलवाल्यांना तर कमर्शियल कनेक्शनच घ्यावं लागतं, भाव वेगळा. भारताची मॅच असेल तर फ्री डिश लावा, तिकीट नको, कोपऱ्यात रोस ऑम्लेटचा गाडा उभा करा, पडद्याचं भाडं त्यातनं सुटेल.

मुलगा टेलिग्रामवर लिंक शोधून मॅच बघतो. बघू द्यावं का?
— एक आई, म्हापसा

नको ताई. चोरीचं आहे हे एक, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या लिंकवर मॅचच्या चारी बाजूला सट्ट्याच्या जाहिराती असतात, आणि पोराचं वय काय असेल ते मी तुमच्या पत्रावरून ओळखलंय. तीन महिन्यांचा स्वस्त प्लॅन काढून द्या, वाटल्यास त्याच्या पॉकेटमनीतून अर्धे कापा.

आमच्या छपरावर जुना अँटिना आहे, दूरदर्शनसाठी लावलेला, तीसेक वर्षं झाली. तुम्ही म्हणता दूरदर्शनला ट्रान्समीटरवरून मॅच दाखवायचा हक्क आहे, मग ह्या अँटिन्यावर मॅच दिसेल का? की काढून टाकू?
— वाळपईहून, निवृत्त शिक्षक

गुरुजी, कायद्यात हक्क आहे पण ट्रान्समीटर नाहीत. दूरदर्शनने जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद करत आणले आणि मार्च २०२२ पर्यंत सीमेवरचे वगैरे मोजके सोडले तर सगळे बंद झाले. म्हणजे २०१७ च्या निकालात ज्या दोन वाटा उघड्या ठेवल्या त्यातली एक आपोआप बुजली, राहिली ती फ्री डिश. अँटिन्याला आता काहीच लागणार नाही, पावसाआधी काढा, वीज पडायची भीती नको, अ‍ॅल्युमिनियम आहे तेव्हा भंगारवाला चार पैसे देईल. फक्त तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की त्यावर रोज सकाळी एक कावळा बसतो आणि बाई त्याला पोळी घालतात. तसं असेल तर आधी बाईंना विचारा.